तिथे काय चालतं गो?

२०२४ च्या ऑगस्टमधली गोष्ट. रत्नागिरीत पाऊस नुसता ओतत होता. पडवीपासून माजघरापर्यंत दोऱ्या बांधलेल्या, त्यावर चार दिवसांचे ओले कपडे, आणि त्या कपड्यांच्या फटीतून आम्ही बायका टीव्हीवर पॅरिस ऑलिंपिक बघत होतो. आंबा घाट चढून गेलं की कोल्हापूर, म्हणजे स्वप्नील कुसाळे आमचाच. त्याने १ तारखेला नेमबाजीत ब्राँझ मिळवलं तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली. तो फायनलच्या दिवशी सकाळपासून नुसत्या काळ्या चहावर होता, हे बातम्यांत ऐकल्यावर मात्र तिचा जीव हळहळला. ‘अगो, पोराला कोणी घासभर भात तरी द्यायचा!’

एवढ्यात धाकट्या बहिणीच्या मोबाइलवर कुठल्याशा ग्रुपवरून एक मेसेज आला. तिने तो आधी मनात वाचला, मग आईकडे आणि स्वतःच्या मुलीकडे बघितलं आणि मला हाताने खूण करून स्वयंपाकघरात बोलावलं.

‘ताई, हे बघ. ऑलिंपिकच्या गावात म्हणे खेळाडूंना तीन लाख कंडोम फुकट ठेवलेत. रात्र रात्र पार्ट्या चालतात म्हणे. खरं असेल हे?’

‘असेल की.’

‘असेल की काय? तिथे काय चालतं गो नेमकं?’

तिचा प्रश्न पॅरिसबद्दल नव्हता, हे मला लगेच कळलं. माझी भाची खो-खो खेळते. मारुती मंदिराजवळच्या शिवाजी स्टेडियमवर धावून धावून तिने गुडघे फोडून घेतलेत. त्या वर्षी तिचं नाव संघाच्या संभाव्य यादीत आलं होतं. निवड पक्की झाली तर दहा दिवसांचं शिबिर आणि तिथूनच पुढे परराज्यात स्पर्धा. पालकांच्या संमतीपत्राचा कागद आठवडाभर फ्रिजवर, कोकमाच्या बरणीखाली पडून होता. बहीण सही करत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती.

त्या रात्री मी मनाशी ठरवलं, की हा विषय नीट समजून घ्यायचा. नुसतं कुजबुजण्यात काय अर्थ आहे?

तर मैत्रिणींनो, मेसेजमधला आकडा खरा होता. पॅरिसमध्ये सुमारे तीन लाख आणि २०१६ मध्ये रिओत तर साडेचार लाख कंडोम ठेवले होते. ही पद्धत सुरू झाली १९८८ च्या सोल ऑलिंपिकपासून, साडेआठ हजारांवर. त्या काळात एड्सची धास्ती जगभर होती. दोनशे देशांची तरुण मुलं एकत्र येतात, घरी परत जातात, तर त्यांच्यामार्फत ही माहिती घरोघर पोचावी हा त्यामागचा विचार. टोकियोत तर आयोजकांनी सरळ सांगितलं, की हे इथे वापरायचे नाहीत, घरी जाताना न्या आणि आपल्या देशात त्याबद्दल बोला. त्या वर्षी खेळाडूंना पुठ्ठ्याचे पलंग दिले होते. दोघांच्या वजनाने मोडावेत म्हणूनच ते तसे केलेत, अशी अफवा उठली. शेवटी आयर्लंडच्या एका जिम्नॅस्टने त्या पलंगावर उड्या मारून व्हिडिओ टाकला, पलंग ठणठणीत! पुन्हा वापरता येणारा माल म्हणून पुठ्ठा, एवढंच कारण होतं. पण अफवा जेवढी पळाली तेवढा खुलासा पळाला नाही.

बरं, पार्ट्या होतात का? होतात. आणि त्या कधी होतात हे बघितलं की सगळं चित्र वेगळं दिसायला लागतं. ऑलिंपिकच्या गावात सगळ्यांचे सामने एकाच दिवशी संपत नाहीत. पोहणाऱ्यांचं पहिल्या आठवड्यात आटोपतं, धावणाऱ्यांचं दुसऱ्या आठवड्यात, मॅरेथॉन अगदी शेवटी. त्यामुळे एकाच इमारतीत एक जण सुटलेला असतो आणि शेजारच्या खोलीतला उद्याच्या शर्यतीसाठी नऊला दिवा घालवून पडलेला असतो. नाचायला जातो तो सुटलेला. दहावीचा शेवटचा पेपर टाकून आपण वर्गातून कशा धावत बाहेर पडायचो, ते आठवा. इथे तर तो पेपर चार चार वर्षं चाललेला असतो.

त्या चार वर्षांत ही मुलं कशी जगतात? मोजून जेवतात, घड्याळ लावून झोपतात. वरच्या दर्जाच्या खेळाडूंना उत्तेजक चाचणीसाठी रोजचा एक तास आपण नक्की कुठे सापडू, हे आधी कळवून ठेवावं लागतं. वर्षभरात तीनदा चुकामूक झाली की बंदीची पाळी येते. लग्नकार्य, सणवार, मैत्रिणीचा वाढदिवस, सगळं त्या तासाभोवती बसवायचं. पी. व्ही. सिंधूचं उदाहरण तर तुम्हाला माहीतच असेल. रिओच्या आधी तीन महिने तिचे कोच गोपीचंद यांनी तिचा मोबाइल काढून घेतला होता. तिथे गेल्यावर तिचं आवडतं गोड दही आणि आइस्क्रीमही बंद. रौप्यपदक गळ्यात पडल्यावर गोपीचंद म्हणाले, आता तिला फोन परत देतो आणि हवं ते खाऊ दे. एकवीस वर्षांची मुलगी, जगात दुसरी आलेली, आणि तिची पार्टी म्हणजे काय, तर आइस्क्रीम!

आणि ज्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर पॅरिसच्या रंगीन रात्रींचे मेसेज फिरत होते, त्याच आठवड्यात विनेश फोगटची रात्र कशी गेली ते आठवा. ६ ऑगस्टला तिने एकाच दिवसात तीन कुस्त्या जिंकल्या. पहिलीच कुस्ती टोकियोच्या सुवर्णविजेत्या युई सुसाकीशी. फायनल दुसऱ्या दिवशी. वजन भरत होतं जास्त. ती रात्रभर धावली, घाम काढत राहिली, केसही कापले. सकाळी काट्यावर शंभर ग्रॅम जास्त निघालं आणि फायनल गेली. त्या गावातली ही पण एक रात्रच. तिचा मेसेज कोणी ‘बघा काय चालतं’ म्हणून पुढे ढकलला नाही.

मला गंमत वाटली ती मात्र या गावाच्या जुन्या इतिहासाची. पहिलं ऑलिंपिक गाव उभं राहिलं १९३२ साली लॉस एंजेलिसला. ते फक्त पुरुषांचं. बायकांची सोय शहरातल्या एका हॉटेलात. बायकांना गावातच घरं मिळाली ती १९५६ ला मेलबर्नमध्ये, तीही कुंपण घालून वेगळी. आता कुंपण घातलं म्हणून माणसं बोलायची थांबतात का? त्याच मेलबर्नमध्ये अमेरिकेचा हातोडाफेक करणारा हॅरॉल्ड कॉनोली आणि चेकोस्लोव्हाकियाची थाळीफेक करणारी ओल्गा फिकोतोवा यांची ओळख झाली. दोघांनी सुवर्णपदक मिळवलं. दोन देशांत तेव्हा उभा दावा. तरी पुढच्याच वर्षी प्रागमध्ये लग्न झालं आणि धावपटू एमिल झाटोपेक त्यात नवऱ्याकडचा साक्षीदार होता.

समारोपाच्या दिवशी सगळे खेळाडू देश विसरून एकमेकांत मिसळून चालतात ना, ती प्रथाही मेलबर्नचीच. जॉन विंग नावाच्या सतरा वर्षांच्या, चिनी वंशाच्या एका ऑस्ट्रेलियन मुलाने आयोजकांना पत्र लिहून ती सुचवली. सगळ्यांचा एकच देश असू दे, असं त्याचं म्हणणं. म्हणजे बघा, ज्याला आपण मिसळणं म्हणून नाक मुरडतो, तो त्या सोहळ्याचा अधिकृत भाग होऊन बसला.

आणि पॅरिसचं काय? तिथे पहिल्यांदाच पुरुषांच्या आणि बायकांच्या जागा समसमान होत्या आणि खेळाडूंच्या गावात पहिल्यांदाच पाळणाघर होतं. धावपटू ॲलिसन फेलिक्स, स्वतः एका मुलीची आई, त्यासाठी मागे लागली होती. हॉटेल, मग कुंपण, मग पाळणाघर. इथवर यायला ब्याण्णव वर्षं लागली. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘पाळणाघराचं मेसेजमध्ये नव्हतं ते?’ नव्हतं ना! तेच तर.

आपल्याकडची एक गोष्ट मला फार आवडली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला भारताकडून चार मुली गेल्या. त्यातली एक वांद्र्याची धावपटू मेरी डिसोझा. सरकारकडे पैसे नव्हते. मग तिच्या मित्रमैत्रिणींनी आणि ओळखीच्यांनी नाचाचे आणि पत्त्यांचे कार्यक्रम ठेवले आणि त्यातून पैसे उभे केले. त्याच हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझ मिळवलं. त्यांच्यासाठी गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी वर्गणी काढली होती आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकलं होतं. खाशाबांची गोष्ट आपण पोरांना सांगतो, सांगायलाच हवी. पण वांद्र्यातल्या त्या नाचाच्या संध्याकाळी एक मुलगी ऑलिंपिकला पोचली, हेही सांगू या की.

हे सगळं वाचत असताना मला सारखा माझाच एक जुना दिवस आठवत होता. मीही खो-खो खेळायची. आठवीत असताना विभागीय स्पर्धेसाठी निवड झाली. सांगलीला तीन दिवसांचा मुक्काम. घरी सांगितलं तर आजोबा म्हणाले, ‘खेळायला ना नाही, मुक्कामाला ना आहे.’ दादा त्याच्या आधीच्याच महिन्यात क्रिकेटसाठी चार दिवस मुंबईला राहून आला होता. त्याला कोणी विचारलं नव्हतं, तिथे काय चालतं म्हणून. रहाटागरच्या स्टँडवर एसटी सुटायच्या वेळी मी गेले होते. मैत्रिणी खिडकीतून हात हलवत होत्या आणि मी रुमाल विसरल्यासारखं करून खाली बघत होते.

परत आल्यावर मी मैत्रिणीला पहिला प्रश्न काय विचारला असेल? ‘जिंकलात का’ हा नाही. विचारलं, ‘रात्री काय केलंत?’ ती म्हणाली, ‘वर्गातले बाक भिंतीला लावले, सतरंज्या टाकल्या आणि साताऱ्याच्या मुलींबरोबर बारा वाजेपर्यंत भेंड्या खेळलो. बाईंनी दिवा घालवला तर अंधारात खेळलो.’ पहिल्याच सामन्यात हरून आल्या होत्या सगळ्या. आज पन्नाशी उलटली आमची. ती मैत्रीण त्या सामन्याबद्दल कधी बोलत नाही. त्या रात्रीबद्दल अजून बोलते. साताऱ्याच्या त्यातल्या एकीचा दर दिवाळीला तिला फोन येतो. माझ्याकडे त्या रात्रीचं काहीच नाही.

म्हणून बहिणीला मी म्हटलं, ‘तू प्रश्न विचारतेस ते बरोबरच आहे. फक्त चुकीचा विचारत्येस.’

चुकीचा का, तेही सांगते. रिओत रायन लॉक्टी हा अमेरिकेचा नावाजलेला जलतरणपटू पार्टीहून पहाटे परतताना पेट्रोल पंपावर धिंगाणा करून बसला आणि वर आम्हाला लुटलं म्हणून खोटं सांगितलं. स्पर्धेच्या प्रवक्त्याने आधी काय म्हणावं? पोरं आहेत, जरा मजा केली, सोडून द्या. पोराचं वय होतं बत्तीस! नंतर त्याच्यावर दहा महिन्यांची बंदी आली ही गोष्ट वेगळी. पॅरिसमध्ये ब्राझीलची आना कॅरोलिना व्हिएरा आणि तिचा मित्र, दोघेही पोहणारे, परवानगी न घेता गावाबाहेर गेले. त्याने माफी मागितली, त्याला ताकीद मिळाली. तिला घरी पाठवलं. रिले संघाच्या निर्णयावरून ती उद्धटपणे बोलली असं कारण संघाने दिलं. असेलही. पण जगभर बातमी छापून आली ती ‘बॉयफ्रेंडबरोबर फिरायला गेली म्हणून घरी पाठवली’ अशीच. म्हणजे मुलगा गेला तर पोरखेळ, मुलगी गेली तर बातमी. मग आया घाबरतात यात नवल काय?

पण मुलींना खरा धोका कुठून झालाय ते बघा. अमेरिकेत लॅरी नासर नावाच्या डॉक्टरने वर्षानुवर्षं जिम्नॅस्ट मुलींवर अत्याचार केले. २०१८ मध्ये त्याला शिक्षा झाली. तो पार्टीत भेटलेला कोणी परका नव्हता, संघाचा डॉक्टर होता. आपल्याकडे २०२३ मध्ये विनेश, साक्षी मलिक आणि इतर कुस्तीगीर दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या, त्या कुस्ती महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप करत. तो वाद पुढे कोर्टात गेला. पण या मुलींना रस्त्यावर बसावं लागलं ते कुठल्या नाचगाण्यामुळे नाही. ज्यांच्या हातात निवड असते, खोलीची किल्ली असते, त्यांच्याबद्दल तक्रार कुठे करायची, हे धड नसल्यामुळे बसावं लागलं. दिवे लावून, गाणी लावून, पन्नास जणींत चाललेल्या गोंधळाला आपण घाबरतो आणि बंद दाराआडच्या सरांना नमस्कार करायला पोरीला शिकवतो!

मग आम्ही दोघींनी बसून संमतीपत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर प्रश्न काढले. संघाबरोबर बाई कोच किंवा मॅनेजर आहेत का? २०२२ मध्ये परदेश दौऱ्यातल्या एका खेळाडूच्या तक्रारीनंतर, महिला खेळाडूंबरोबर महिला कोच असायलाच हवी असं स्पोर्ट्स अथॉरिटीने संघटनांना बजावलं होतं. मग इथे विचारायला काय हरकत? एका खोलीत किती मुली, कोण कोण? तपासणीला किंवा मसाजला मुलगी एकटी जाणार का? रात्री फोन जवळ राहणार का? आणि काही झालंच तर तक्रार कोणाकडे, त्या व्यक्तीचं नाव आणि नंबर काय? भाचीलाही बसवलं. पेयाचा ग्लास दुसऱ्याच्या हातातून घ्यायचा नाही, एकटं कुठे जायचं नाही, नको वाटलं तर मोठ्याने नको म्हणायचं, मग समोर कोणी का असेना. ती म्हणाली, ‘मावशी, हे मला माहित्ये. आईला सांग, मी नाचले तर चालेल का?’

बहिणीने माझ्याकडे बघितलं. मग पेन मागितलं.

बहिणीने फोन केला तेव्हा पलीकडच्या सरांना या प्रश्नांचं थोडं आश्चर्य वाटलं, पण उत्तरं सगळी मिळाली. संघाबरोबर दोन बाई होत्या. निवड झाली, भाची गेली. स्पर्धेत त्या उपांत्य फेरीत हरल्या. त्या रात्री बहिणीने फोन लावला, म्हटलं पोर रडत असेल. तर पलीकडे हा गोंगाट!

‘आवाज कसला गो?’

‘अगं, केरळच्या मुली आल्यात आमच्या खोलीत. त्या आम्हाला त्यांचा नाच शिकवतायत आणि आम्ही त्यांना फुगडी.’

‘हरलात ना?’

‘हरलो गं. दुपारीच रडून झालं.’

‘बरं. लवकर झोपा,’ बहीण म्हणाली आणि फोन ठेवून बराच वेळ नुसती बसली. मग मला म्हणाली, ‘फुगडी घालतायत ताई, रात्री अकरा वाजता.’

पुढे २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी फायनलला नेपाळला ७८-४० ने हरवलं. भाची टीव्हीच्या पुढ्यात मांडी ठोकून बसली होती. शिट्टी वाजल्यावर तिचं लक्ष कशाकडे, तर दोन्ही संघांच्या मुली एकमेकींशी काय बोलतात त्याकडे. ‘मावशी, नेपाळच्या मुलींना फुगडी येत असेल का गं?’

स्पर्धेहून परत आली त्या दिवशी तिच्या बॅगेत आपल्या संघाचा टी-शर्ट नव्हता. त्याच्या जागी कॉलर विटलेला एक निळा टी-शर्ट होता, मागे मल्याळीत काहीतरी लिहिलेलं. बहीण ओरडली, ‘अगो, नवा कोरा देऊन हे जुनेर घेऊन आलीस?’ मग तिनेच तो टी-शर्ट वेगळ्या बादलीत, रंग जाऊ नये म्हणून थंड पाण्यात भिजवला आणि पडवीतल्या दोरीवर सावलीत वाळत घातला.